निरवानिरव

पहिला प्रश्न झोपेचा. दुसरा भुकेचा.
तेराव्याशी आवाज बदलायचा नाही,
हे मला शिकवलेलं आहे.
पेन टेकवून ठेवायचं, कागद खरखरू द्यायचा नाही,
आणि मरण हा शब्द सरळ उच्चारायचा,
जेवताना मीठ मागावं तसा.

प्लासेन्शियाला, जुन्या पोस्टाच्या इमारतीत आमची खोली.
पत्रांचे कप्पे अजून भिंतीवर आहेत,
त्यांत आता टिशूंचे खोके.
बाहेर धुकं, धुक्यात कुठेतरी बोटीचा भोंगा.
लाल म्हणजे आज.
पिवळा म्हणजे दोन आठवडे.
हिरवा म्हणजे फेब्रुवारी,
आणि आता कुठे नोव्हेंबर लागलाय.

अँब्रोझ कीली, वय एकसष्ट.
खेकड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं,
बोटं अजून अर्धवट मिटलेली.
शेजारीण घेऊन आली. ती बाहेर बसलीय
ओला कोट मांडीवर घेऊन.
झोप? ठीक.
भूक? ठीक आहे की.
बायको? मार्चमध्ये गेली.
मग तिच्याबद्दल नाही, तिच्या गाडीबद्दल बोलला:
टायर अगदी नवे होते.
तेरावा?
छे, म्हणाला, आणि हसलासुद्धा,
पाहुण्यानं दुसरा चहा नको म्हणावं तसा.

माझा हात हिरव्याकडे निघाला होता.
इथे लिहून ठेवते, कारण अहवालात ते नाही.
अकरा वाजून गेले होते, बाहेर आणखी चौघे,
त्यांत एक सतरा वर्षांची मुलगी
बाह्या मनगटाखाली ओढून बसलेली.
हात निघाला होता.

मग टोपी उचलता उचलता तो म्हणाला,
"घराची काळजी नाही आता.
पाइपांतलं पाणी काढून टाकलंय.
सगळं. सिंकखालच्या वळणातलंसुद्धा."

परक्याला वाटेल, काय नेटका माणूस,
थंडीच्या आधी सगळं बघून घेतो.
पण मी इथलीच.
माझ्या बापानं पाइप दोनदा रिकामे केले:
कॉडची मासेमारी बंद झाली तेव्हा, आल्बर्टाला कामाला जाताना,
आणि आत्याचं घर कायमचं मिटताना.
राहत्या घराचं पाणी कुणी काढत नाही.
राहत्या घरात रात्री नळ बारीक सोडून ठेवतात,
थेंब थेंब वाहत राहावं, गोठू नये म्हणून.

आवराआवर वेगळी.
ही निरवानिरव.

"अँब्रोझ, कुठे निघालात?"

फॉर्मवर असा प्रश्न नाही.
तो टोपीच्या आत बघत राहिला,
तिथे काही लिहिलेलं असावं तसा.
भोंगा झाला. पुन्हा झाला.
मी घड्याळाकडे बघितलं नाही, आणि ते जड गेलं.
"कुत्रं देऊन टाकलं," म्हणाला.
"शनिवारी. चांगल्या घरी दिलं."

लाल.
सेंट जॉन्सला एकच खाट होती.
चाळीस मिनिटं फोनवर नुसती बोलत राहिले,
मी गप्प झाले तर ती कुणी उचलून नेईल अशा भीतीनं.
बाह्यावाल्या मुलीला पिवळा दिला.
पिवळीच होती ती. बहुतेक.
हे बहुतेक मी रोज घरी नेते,
रिकाम्या थर्मासबरोबर.

पुढचं मला कळत नाही.
सगळ्यांची पहिलीच पानं माझ्या वाट्याला.
कधी दुकानात, बटाट्यांच्या पोत्यापाशी,
कुणी मला बघून चटकन वळतं,
आणि मी ओळखते: म्हणजे आहे.

अँब्रोझला विचारून मग शेजारणीला सांगितलं,
तळघरातला मोठा व्हॉल्व्ह उघडाल का,
आणि स्टोव्हही पेटता ठेवा.
फिलोमीना डाल्टन तिचं नाव.
"कधीपर्यंत?"
"तो येईस्तोवर," मी म्हणाले.
असं म्हणायचं नसतं.
तिनं ओला कोट चढवला, बटणं लावली,
दारापाशी थांबून विचारलं,
कुठल्या बाजूला फिरवायचा?
डावीकडे, मी म्हणाले.
डावीकडेच असावा.